पाणी धरून वजन

गायकवाडांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार-चमत्कार काही केला नाही. चपलांपासून केसांपर्यंत एकदा नजर फिरवली आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हणाले, "त्रेपन्न." एखाद्या बाईकडे बघून तिच्या तोंडावर असा आकडा सांगायची ही कुठली रीत, म्हणून मी फणकारले. डॉक्टर हसायला लागले. दुसऱ्या दिवशी, मी नर्स होते त्या कर्जतच्या दवाखान्यात, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी रोग्यांच्या वजनकाट्यावर उभी राहिले. त्रेपन्न किलो. तेव्हा मलाही हसू आलं. आज लिहायला बसले तर येत नाही. कारण पुढे त्यांनी त्याच नजरेनं आणखी एका बाईचं वजन केलं, तेही अचूक केलं, आणि त्यातून ते पुन्हा कधी सावरले नाहीत. मी त्या वेळी तिथेच होते. मीही सावरले असं म्हणवत नाही.

साजगावच्या एका कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा काटा होता. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट आणि त्याच्या बाजूला पानाच्या टपरीएवढी खोली. त्या खोलीत गायकवाड बसायचे. बुटके, सावळे, कानावर पेन्सिल, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मूळचे पोशीरचे. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा हे नुकतेच मिसरूड फुटलेले होते. काट्यावरच्या नोकरीचा त्यांना फार अभिमान होता, पण तो बोलून दाखवायचे नाहीत. एकदाच, माझ्याजवळ, चहा पिता पिता म्हणाले होते, "गावात आमच्या हातचं पानी चालत नव्हतं, सिस्टर. आता त्यांच्याच भाताचा ट्रक माझ्या काट्यावर येतो. मी आकडा सांगतो आन् ते गुमान घेतात." एवढं बोलून बशी पुसून ठेवली आणि पुढच्या ट्रकवाल्याला हाक मारली.

आकड्याच्या बाबतीत हा माणूस भलता चिकट. कुणी कसलंही वजन सांगितलं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "पानी धरून का पान्याशिवाय?" रेतीचे ट्रक ओले यायचे, त्यावरून ही सवय लागली होती म्हणे. पण पुढे ती सगळीकडेच पसरली. कारखान्यातल्या कुणी सांगितलं की माझ्या पुतणीला फार चांगलं स्थळ आलंय, की गायकवाड विचारणार, पाणी धरून का? मुलाचा पगार, घर, शेत सगळं ऐकून घ्यायचे आणि तरी मान हलवायचे. छापलेला आकडा हा नेहमी रिकाम्या गाडीचा असतो, रस्त्यावर येणारी गाडी कधी रिकामी नसते, असं त्यांचं म्हणणं. लोक थट्टा करायचे. त्यांना थट्टा कळायची नाही, किंवा कळून ते तिकडे लक्ष द्यायचे नाहीत.

माझी आई गेली तेव्हा मी दहा दिवस गावी होते. परत आल्यावर दवाखान्यात कुणालाही काही सांगितलं नव्हतं, कारण मला कुणाचं सांत्वन नको होतं. गायकवाड औषध न्यायला आले, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दोन किलो कमी झालं. कोन गेलं?" मी तिथेच खुर्चीत बसून रडले. ते उभे राहिले आणि माझं आवरल्यावर खोकल्याची बाटली घेऊन निघून गेले.

आमची त्यांची गाठ पडली ती एका विचित्र खोलीमुळे. सत्तर साल उलटून गेलं होतं. आमची संस्था कर्जतला धर्मादाय दवाखाना चालवायची आणि कशेळ्याच्या वरच्या वाड्यांवर जाणारा फिरता दवाखाना काढायचं तिच्या मनात होतं. कुठल्याशा परदेशी मदतनीस मंडळींनी आम्हाला जहाजानं एक पत्र्याची खोली पाठवली. तिकडचे लोक म्हणे ही खोली पिकअप गाडीच्या पाठीवर चढवतात आणि सुट्टीत बायकापोरांना घेऊन हिंडतात. आत सगळा संसार होता. दोन बिछाने, शेगडी, बर्फाचं कपाट, हात धुवायचं भांडं, पाण्याची टाकी, खिडक्यांना गुलाबी पडदे. ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा एक माचा तर असा होता की त्यावर झोपायचं सोडून मला दुसरं काही सुचेना. संस्थेनं एक पिकअप मिळवली, खोली तिच्यावर चढवली, बोल्टांनी आवळली आणि नारळ फोडला.

गाडी आणि खोली एकमेकांना झेपतील का, हे कुणी विचारलं नाही. खोलीबरोबर आलेल्या पुस्तकात वजन छापलेलं होतं, गाडीच्या दारात पत्र्याची पट्टी होती तिच्यावर गाडीनं किती वाहावं ते लिहिलं होतं, आणि पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी होता. झालं. पहिल्या दिवशी आठ विश्वस्त आत बसले. कशेळ्याच्या पुढे चढावर गाडीचं ढुंगण खाली बसलं आणि पुढची चाकं जमीन सोडल्यागत हलकी झाली. बाळू ड्रायव्हरनं स्टेअरिंग फिरवलं, गाडी फिरली नाही. सगळं वऱ्हाड शेतात. कुणी मेलं नाही. एका विश्वस्तांचा हात मोडला, आणि बर्फाचं कपाट दार उघडून अध्यक्षांच्या मांडीवर येऊन बसलं. आम्ही महिनाभर त्यावर हसलो.

मग डॉक्टरांनी गाडी साजगावच्या काट्यावर नेली. आमचे डॉक्टर साठीचे, सज्जन आणि अतिशय आळशी गृहस्थ. पण त्या दिवशी ते घाबरले होते. गायकवाडांनी आधी पुढची चाकं तेवढी फलाटावर घेतली, मग मागची तेवढी, मग सगळी गाडी. प्रत्येक वेळी आकडा लिहिला. पुस्तक मागितलं. डॉक्टरांनी खोलीचं वजन वाचून दाखवलं तसे म्हणाले, "पानी धरून का पान्याशिवाय?" डॉक्टरांनी पान उलटलं, चष्मा वर केला आणि बारीक अक्षरं वाचली. पाण्याशिवाय. शेगडीच्या नळकांड्याशिवाय, सामानाशिवाय, माणसांशिवाय. गायकवाडांनी नुसती मान हलवली. सुट्टीवर जाणारं कुटुंब त्या आकड्यात धरलेलंच नव्हतं.

पुढचे पाच गुरुवार ते फुकट आमच्या गाडीवर राबले. त्यांनी खोली उतरवून एका गोल लोखंडी नळावर ठेवली आणि पुढेमागे सरकवत तिचा मध्य कुठे येतो ते खडूनं आखलं. तो गाडीच्या मागच्या चाकांच्या पुढे पडायला हवा, आपला वीतभर मागे पडतोय, म्हणून पुढची चाकं उचलली गेली, असं त्यांनी आम्हाला समजावलं. शेगडी काढली, बर्फाचं कपाट काढलं, माझा लाडका माचा काढला. बाळूचं म्हणणं होतं, एवढा खटाटोप कशाला, खोपोलीत सगळेच मागच्या स्प्रिंगांना दोन पाटे वाढवून घेतात, आपणही घेऊ. गायकवाड हातातला पाना खाली ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"पाटे वाढवल्यावर गाडी बसायची नाय, येवढंच. ब्रेक वाढतो का? अ‍ॅक्सल वाढतो का? पाट्यानं गाडीचं कन्हनं बंद होतं रं. दुखनं तेवढंच राहतं."

गुलाबी पडदे मात्र मी सोडले नाहीत. त्यांनी ते किराणा दुकानातल्या तराजूवर नेऊन तोलले आणि परत आणून दिले. पाव किलो. राहू द्या म्हणाले.

शेवटी त्यांनी एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं आणि सुतळीनं ड्रायव्हरच्या आरशाला बांधलं. कपाटं आणि औषधांसकट खोली पाचशे पंचवीस. पाणी नव्वद. बाळू बासष्ट, डॉक्टर सत्तर, सिस्टर त्रेपन्न, गायकवाड पन्नास. बेरीज आठशे पन्नास, आणि दारातल्या पट्टीवरही आठशे पन्नास. गाडीत आणखी एक नारळसुद्धा मावणार नव्हता. तो त्यांचा विजय होता आणि कार्ड बांधताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. स्वतःचं वजन त्यांनी धरलं होतं, कारण दर गुरुवारी कारखान्याच्या सुट्टीला आमच्याबरोबर यायचं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी संस्थेतर्फे फर्मान काढलं की गाडीत कोण बसेल आणि काय चढेल ते गायकवाड सांगतील, इतर कुणी तोंड घालायचं नाही.

हे फर्मान पाळणं सोपं नव्हतं. वाड्यांवरचे लोक औषधाचे पैसे देऊ शकत नसत, पण रिकाम्या हातानं जाऊही देत नसत. कुणी नाचणी आणायचं, कुणी भोपळा, कुणी जिवंत कोंबडी. शिवाय कशेळ्यापर्यंत सोडा म्हणणारे म्हातारे. गायकवाड हात जोडून एकेकाला नाही म्हणायचे. भोपळा परत घेताना बायकांचे चेहरे पडायचे आणि मला त्यांचा राग यायचा. एकदा मी खोलीत एक भोपळा लपवला. त्यांनी गाडीच्या मागे उभं राहून पाट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, चार किलो काढा."

मात्र एक गोष्ट ते भरभरून द्यायचे. शेवटची वाडी सगळ्यांत उंचावर होती आणि होळीनंतर तिथला झरा आटायचा. बायका तासभर खाली उतरून हंडे भरून आणायच्या. आमचं काम आटोपलं की गायकवाड टाकीच्या तोटीशी उकिडवे बसत आणि उरलेलं सगळं पाणी त्यांच्या हंड्यांत सोडत. ते काम त्यांनी कधी बाळूला करू दिलं नाही, मलाही नाही. बायका रांग लावत, ते एकेक हंडा भरून स्वतः उचलून देत. दवाखान्याचं काम दवाखान्याच्या माणसांनी करायचं, पाणी त्यांनी. ते देताना हा एरवी हिशेबी माणूस थेंबाचाही हिशेब ठेवायचा नाही.

ज्या गुरुवारविषयी मला सांगायचं आहे त्या दिवशीही त्यांनी असंच पाणी वाटलं. उन्हाळा भाजून काढत होता. तोटीतून शेवटची गुळणी आली, त्यांनी तोटी बंद केली, हात पुसले आणि आम्ही सामान आत ठेवत होतो, एवढ्यात वाडीच्या वरच्या अंगानं चार माणसं झोळी घेऊन पळत आली. झोळीत चिमी होती. बुधीबाईची धाकटी लेक, अठराएक वर्षांची, पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून अडली होती. नवरा कोळशाच्या भट्टीवर लांब गेलेला. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आळस कुठल्या कुठे पळाला होता. लगेच कर्जतला न्यायला हवं होतं, आणि तरीही उशीर झालेला होता.

आम्ही तिला खोलीतल्या बिछान्यावर घेतलं. तिच्यामागून सुईण चढली, भाऊ चढला, दोन चुलत्या चढल्या, आई चढली. वाडीत अडलेल्या बाईला एकटीला कुणी पाठवत नाहीत. ज्याचा पाय फळीवर ठरेल तो चढत होता. गाडी मागून खाली बसायला लागली. पुढे उतार होता, दोन अरुंद वळणं होती, आणि आदल्या वर्षीचं शेत आम्हा सगळ्यांना आठवत होतं.

गायकवाड ओरडले नाहीत. आरशाचं कार्ड वाचलं, चिमीकडे पाहिलं, "सेहेचाळीस," म्हणाले आणि आधी स्वतः बाजूला झाले. आपले पन्नास काढून तिचे सेहेचाळीस घातले. मग एकेकाला नाव घेऊन, हाताला धरून खाली उतरवलं. लोक त्यांचं ऐकत. हाच माणूस घटकेपूर्वी त्यांचे हंडे भरत होता. शेवटी बुधीबाई राहिली. ती बिछान्याच्या पायथ्याशी लेकीचं पाऊल धरून बसली होती. हाडं तेवढी उरलेली बाई.

मी म्हटलं, हिला येऊ द्या. ही अशी कितीशी आहे?

"अडतीस," ते म्हणाले. "जागा चारची हाय, सिस्टर."

मी चिडले. अडतीस किलोनं काय आभाळ कोसळणार आहे, असं काहीतरी बोलले. डॉक्टर मध्ये पडले नाहीत. फर्मान त्यांचंच होतं. गायकवाडांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनाही ती बाई खाली उतरवायची नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. ते पुन्हा वळून कार्डाकडे गेले. ओठ हलवत बेरीज केली. परत आले आणि बुधीबाईच्या खांद्याला हात लावला. "उतर, बाय. वजन झेपत नाय. मी बी उतरलोय. आपन पायवाटेनं कशेळ्याला उतरू, तिथनं एसटीनं गाडीच्या मागोमाग पोचू."

बुधीबाई उतरली. तिनं गायकवाडांवर विश्वास ठेवला.

गाडीत काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चिमी शुद्धीवर होती. गाडी हलली तशी तिनं विचारलं, "आय हाय ना?" मी हो म्हटलं. पुढे बसलीय, ड्रायव्हरशेजारी. मला दुसरं काय सांगता येणार होतं? पहिल्या वळणावर तिनं पत्र्यावर हात मारून हाक दिली, "आये!" थोडा वेळ वाट पाहिली. मग मला म्हणाली, "मंग बोलत का नाय?" मी म्हटलं, गाडीचा आवाज आहे ना, तिला ऐकू जात नाही. ती पत्र्यावर हात मारत राहिली. दुसऱ्या वळणानंतर रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी जे होतं ते सगळं केलं. कशेळं दिसायला लागलं तेव्हा तिनं पुन्हा एकदा हाक मारली, पण मोठ्यानं नाही. कशेळ्याच्या नाक्यावर डॉक्टरांनी बाळूला गाडी थांबवायला सांगितली, कारण पुढे जाण्यात काही अर्थ उरला नव्हता. मूलही गेलं होतं.

आम्ही सावलीला गाडी लावून थांबलो. अर्ध्या-पाऊण तासानं पायवाटेनं ती दोघं येताना दिसली. बुधीबाई पुढे, जवळजवळ पळत; गायकवाड मागे, चपला हातात घेतलेले. गाडी कर्जतला गेलेली नाही, इथेच उभी आहे, हे लांबूनच त्यांच्या लक्षात आलं असणार. गायकवाड मध्येच उभे राहिले. बुधीबाई थांबली नाही. तिला वाटलं असेल, आपल्यासाठीच थांबलेत.

त्यानंतरचं मी लिहीत नाही. आईचं रडणं लिहायची गोष्ट नसते. बऱ्याच वेळानं ती शांत झाली आणि म्हणाली, हिच्या तोंडात पाणी घालायचंय. कोरड्या तोंडानं लेक पाठवायची नाही. मी उठले, पण गायकवाड माझ्याआधी उठले होते. पाणी द्यायचं काम त्यांचंच होतं. पितळी भांडं घेऊन ते गाडीच्या मागे गेले, तोटीशी उकिडवे बसले आणि तोटी फिरवली.

काही आलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. मग भांडं तसंच तोटीखाली धरून ते बसून राहिले. मला आधी कळेना. मी म्हटलं, हॉटेलातून आणते, टाकी रिकामी असेल. त्यांनी वर पाहिलं. माणसाचा चेहरा असा होऊ शकतो हे मला नर्स होऊनही माहीत नव्हतं. कार्डावर पाणी नव्वद लिहिलेलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं होतं, दोनदा धरलं होतं, आणि ते पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं हंड्या-हंड्यांत वाटून टाकलेलं होतं. गाडीत नव्वद किलोची जागा रिकामी होती. बुधीबाई अडतीस किलोची होती. तीही बसली असती, सुईणही बसली असती.

"पान्याशिवाय होती," ते म्हणाले. एवढंच.

पाणी मी चहाच्या हॉटेलातून आणलं. बुधीबाईनं घातलं.

नंतरच्या गुरुवारी ते आले नाहीत. मीच साजगावला गेले. काट्याच्या खोलीत बसून ते मला पुन्हा पुन्हा सगळे आकडे सांगत होते, जणू मला माहीत नसावेत. मी म्हटलं, आई बरोबर असती तरी चिमी वाचली नसती, डॉक्टरही तेच म्हणतात. ते म्हणाले, "ते मला ठावं हाय. मी वाचवायचं बोलत नाय."

ते वाडीवर गेले आणि बुधीबाईला सगळं सांगून आले. एकटे गेले, चालत. हे मला नंतर वाडीवरच्या बायकांनी सांगितलं. त्यांनी तिला लिटर सांगितले, किलो सांगितले, दगड मांडून बेरीज करून दाखवली, ही जागा तुझी होती, ही मी कुणाला दिली नाही. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "तू बी उतरलास ना रं. माझ्यासंगं चाललास." आणि त्यांना घरात बसवून ताक दिलं. त्यांना शिव्या हव्या होत्या. त्या त्यांना कुणीच दिल्या नाहीत. संस्थेनं तर पत्र लिहून त्यांचे आभार मानले, नियम कसोशीनं पाळल्याबद्दल.

त्यानंतर त्यांनी कुणाचं वजन नजरेनं सांगितलं नाही. काट्यावर ते प्रत्येक ट्रक दोनदा तोलायला लागले, मग तीनदा. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, आणि हे आतून आकडा देईनात. कारखान्यानं वर्षभर सोसलं आणि मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, जिथं तोलायचं काही नव्हतं. ते तक्रार न करता जाऊन बसले. आमची गाडी आणखी दीडएक वर्ष चालली. बायका हंडे घेऊन यायच्या आणि विचारायच्या, पाणी देणारा दादा कुठाय. मी सांगायची, येईल. मी नव्वदची टाकी भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. त्या तोटीशी बसायचं मला धैर्य झालं नाही. बायका रिकामे हंडे घेऊन परत जायच्या. हेही माझ्याकडून झालं, ते लिहून ठेवते.

त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. ते दवाखान्यात यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि उठता उठता विचारायचे, "सिस्टर, ती गाडीत काय बोलली?" मी सुचेल ते सांगून टाळायची. चिमी काय म्हणाली ते या माणसाला सांगणं म्हणजे त्याचा जीव घेणं, अशी माझी खात्री होती. आजही आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कशेळ्याच्या नाक्यावर. ऐंशी साल उलटलं होतं, माझी बदली झाली होती आणि कुणाच्या तरी लग्नाहून मी एसटीनं कर्जतला परत चालले होते. बाजारचा दिवस. ते हॉटेलाच्या बाकावर एकटेच बसले होते. नोकरी सोडली होती, अंगावर खाकी शर्ट नव्हता. फार वाळले होते. किती वाळले ते त्यांच्याइतकं नेमकं मला सांगता येणार नाही. बाजारच्या दिवशी इथे का येता असं मी विचारलं नाही. समोरून वाडीवरच्या बायका उतरत होत्या आणि ते त्यांच्यात कुणालातरी शोधत होते. आम्ही चहा घेतला. माझी एसटी वळणावर दिसली तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला.

मी म्हटलं, बेशुद्ध होती हो. काही बोलली नाही.

त्यांनी मान हलवली. पेला बाकावर ठेवला, पुन्हा उचलला. मग अगदी शांतपणे, कुठलाही राग न धरता म्हणाले, "मागल्या खेपेला झोपली होती म्हनालात. त्याच्या आदी म्हनालात, पानी मागत होती. दर वेळंला येगळं सांगता तुमी, सिस्टर."

एसटी येऊन थांबली. लोक चढायला लागले. मी पिशवी उचलली.

"म्हंजे बोलली," ते म्हणाले.

कंडक्टरनं मला दोनदा हाक मारली. मी गाडीत चढले. खिडकीतून वळून पाहिलं तेव्हा ते बाकावरून उठून उभे राहिले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला ते जमलं नाही.